पडदा बघितलास का?

कोहसुके कावागुची सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत प्रोग्रामर होते. आपला कोड सगळ्यांच्या कोडात मिसळला की काहीतरी तुटतं आणि मग सहकाऱ्यांची बोलणी खावी लागतात, याचा त्यांना कंटाळा आला होता. २००४च्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. कोणी कोड जमा केला की त्या प्रोग्रामने तो आपणहून उचलायचा, सगळं एकत्र बांधायचं, टेस्ट चालवायच्या आणि काही तुटलं असेल तर इतरांच्या आधी आपल्याला सांगायचं. बोलणी खाण्यापूर्वी दुरुस्तीला वेळ मिळावा, एवढाच हेतू. त्याचं नाव त्यांनी हडसन ठेवलं. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या मालकीवरून वाद झाला आणि २०११मध्ये तोच प्रोग्राम जेन्किन्स या नावाने पुढे निघाला.

कावागुचींना मी भेटलेली नाही, आणि त्यांना माझं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण आमच्या घरात गेली कित्येक वर्षं जो किराणा भरला जातो, त्यात त्यांचा वाटा आहे. असे वाटेकरी आणखीही आहेत. काही परदेशातले, काही पुण्यातले, एक सांगलीकडचे आणि काही थेट माझ्या गावातले, त्यातले एक तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी होऊन गेलेले. त्यांच्यापैकी काहींची नावं एकदा नीट घ्यावीत म्हणून हे लिहिते आहे.

मी उज्जैनची. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-माळवी, अशी शिंदेशाहीपासून इथे राहिलेली जी घरं आहेत, त्यातलं आमचं एक. विक्रम विद्यापीठातून बीएस्सी झाले, पुण्याला मावशीकडे राहून टेस्टिंगचा एक कोर्स केला आणि २००९मध्ये एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची. सगळा पडदा मराठीत: ठेवी, कर्जं, भाग भांडवल, पासबुक.

माझं काम म्हणजे बटणं दाबणं. खातं उघडायचं, ठेव टाकायची, व्याज लावायचं, पासबुक छापायचं. प्रत्येक पायरीपुढे एक्सेलमध्ये ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहायचं. नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. बिल्ड म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मेलमधून येणारी एक फाइल, एवढीच माझी समज होती. ती कोण बांधतं, कशी बांधली जाते, आठवडाभर लिहिलेलं सगळं एकदमच का जोडलं जातं, हे विचारावं असंही कधी वाटलं नाही. टेस्टिंगवाल्यांनी विचारायचं नसतं असा काही लेखी नियम नव्हता, पण आम्ही तो पाळत होतो.

आमच्या टीममध्ये सांगलीकडचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. ऑफिसात साहेबांनासुद्धा पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती, तरी यांना सगळे काकाच म्हणत. एका संध्याकाळी ते माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

“अगं, हे गेल्या महिन्यातही तूच केलंस ना?”

“हो काका.”

“याच क्रमाने?”

“हो.”

“आणि पुढच्या महिन्यात?”

मी काही बोलले नाही. “मग हे यंत्राला सांग की,” ते म्हणाले, “आणि तू यंत्राला न सुचणारं काहीतरी बघ.”

मला वाटलं, काका माझी नोकरी घालवायला आले आहेत. तसं मी मावशीला बोललेही. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटल्यावर ते मला जावा शिकवू लागले. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात त्याला कुठला रकानाही नव्हता.

पडद्यावरची टेस्ट यंत्राकडून करून घेणं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. हिशेब करणारा कोड तपासणं सोपं असतं: दहा हजारांवर आठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज आठशे आलं पाहिजे, आलं की काम झालं. पडदा तपासायचा म्हणजे माणसासारखं वागणारा एक प्रोग्राम लिहायचा. तो खिडकी उघडतो, रकान्यात अक्षरं टाइप करतो, बटण दाबतो आणि समोर काय उमटलं ते वाचतो. ब्राउझरसाठी हे काम करणारं सेलेनियम २००४मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी सुरू केलं, तेही त्यांच्याच ऑफिसातला वेळ आणि खर्च नोंदवायचा एक साधा अनुप्रयोग तपासायला. आमचा प्रोग्राम मात्र ब्राउझरमधला नव्हता. तो जावाच्या स्विंगमध्ये होता, म्हणून आम्ही फेस्ट नावाचं खुलं साधन घेतलं.

फेस्टला बटण सापडायला बटणाला नाव लागतं. पडद्यावर दिसणारं नव्हे, कोडात दिलेलं आतलं नाव. आमच्या पडद्यांवरच्या कितीतरी बटणांना तसं नावच नव्हतं. काका मला घेऊन एकेका प्रोग्रामरच्या जागेवर गेले. “हिला तुझ्या ‘जमा’च्या बटणाला हाक मारता येत नाहीये. नाव दे त्याला.” सुरुवातीला लोक हसले, मग द्यायला लागले. आता मागे वळून बघताना वाटतं, मी त्या ऑफिसात प्रोग्रामरांशी त्यांच्या कामाबद्दल बोलायला लागले ती तेव्हापासून. त्याआधी आमचं बोलणं व्हायचं ते दोषांच्या यादीतून.

माझ्या मशीनवर टेस्ट चालायला लागल्या. माउस आपोआप फिरतोय, खातं उघडतंय, पावती येतेय. मी मैत्रिणींना बोलावून दाखवत असे. मग काका म्हणाले, “आता या हडसनला जोडू. कोणीही कोड टाकला की चालल्या पाहिजेत. तुझ्या मशीनवर चालतात त्याचा बाकीच्यांना काय उपयोग?” जोडल्या, आणि सगळ्या लाल, म्हणजे नापास, झाल्या. एकही टेस्ट पहिल्या खिडकीपुढे गेली नव्हती.

बिल्ड बांधणारा सर्व्हर कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलेला लिनक्सचा डबा होता. त्याला मॉनिटर नव्हता. ज्याला पडदाच नाही त्याच्यावर खिडकी उघडणार कुठे? जावा तसं स्पष्ट शब्दांत सांगत होती. तो संदेश वाचायची मला सवय नव्हती इतकंच. काकांनी मला एक्सव्हीएफबी दाखवलं. हा एक असा पडदा आहे की जो फक्त संगणकाच्या स्मृतीत असतो. प्रोग्रामला वाटतं आपण खऱ्या पडद्यावर चित्र काढतोय. चित्र निघतंही, फक्त ते बघायला कोणी नसतं. त्याच्या माहितीपानाच्या तळाशी डेव्हिड विगिन्स असं नाव आहे. काकांची एक सवय होती: कुठलंही साधन घेतलं की त्याच्या माहितीपानाच्या शेवटापर्यंत जायचं आणि लिहिणाऱ्याचं नाव वाचायचं. “ज्याचं फुकट वापरतो त्याचं निदान नाव तरी माहीत असावं,” असं ते म्हणत. हा लेख त्या सवयीतूनच आलेला आहे.

विंडोजवर हीच अडचण वेगळ्या रूपात येते, ते नंतर कळलं. तिथे बिल्डचं काम पार्श्वभूमीवरच्या सेवेकडे असेल, तर तिला डेस्कटॉप मिळत नाही. दुरून जोडणी करून खिडकी उघडी ठेवली आणि जाताना जोडणी बंद केली, की पडदा कुलूपबंद होतो आणि माउसचे क्लिक कुठेच पोचत नाहीत. पडद्यावरच्या टेस्ट रोजच्या बिल्डमध्ये बसवताना निम्मा काळ टेस्ट लिहिण्यात जात नाही. यंत्राला पडदा, फॉन्ट, घड्याळ आणि विदा (डेटा) नीट पुरवण्यात जातो. ही बाजू कुठल्या कोर्सात कोणी शिकवत नाही. मला ती काकांनी शिकवली.

मग एकदाच्या सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. मी आनंदाने काकांना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, “पडदा बघितलास का?”

“काका, पडदा आहे कुठे?”

“स्मृतीतला पडदासुद्धा चित्र करून ठेवता येतो. काढ एक स्क्रीनशॉट.”

स्क्रीनशॉट काढला. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. सगळीकडे चौकोन. खातेदाराच्या नावाच्या जागी चौकोन, ‘जमा’च्या बटणावर चौकोन. त्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच बसवलेला नव्हता. पण टेस्ट प्रोग्रामच्या आतली अक्षरं वाचत होती, आणि ती बरोबरच होती. म्हणून हिरवं.

मी उज्जैनची असल्यामुळे असेल, मला तिथे उभ्याउभ्या आजोबा आठवले. आजोबा गणिताचे शिक्षक होते आणि पंचांगाच्या वादात त्यांना फार रस. जुन्या करणग्रंथांवरून मांडलेली ग्रहणं आणि युती आकाशात वेळेवर दिसेनात, तेव्हा केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर अशा मंडळींनी आग्रह धरला की गणित वेधाशी जुळलं पाहिजे. कागदावर बरोबर येणं पुरेसं नाही. आजोबा हे दृक्प्रत्ययाचं प्रकरण जेवतानाही सांगत. आम्ही भावंडं कंटाळायचो. त्या चौकोनांकडे बघताना पहिल्यांदा ते प्रकरण मला माझं वाटलं. आमचं गणित बरोबर होतं, आणि पतसंस्थेतल्या बाईंना जे दिसणार होतं ते आम्ही बघितलंच नव्हतं.

फॉन्ट आला तो पुण्यातूनच. लोहित देवनागरी हा खुला फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषा-मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला आणि सुधारला. तो सर्व्हरवर बसवला आणि चौकोन गेले. मराठीतला देठाचा ‘ल’ आणि हिंदीतला ‘ल’ वेगळे, ‘श’ही वेगळा, फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली तरी मजकूर मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी रूप येत नाही, हेही याच निमित्ताने कळलं. लहानपणापासून दोन्ही रूपं बघत वाढलेल्या मला हा फरक कधी डोळ्यांत भरला नव्हता. पुण्याच्या सहकाऱ्यांना मात्र तो लगेच खुपला.

याहून अवघड निघाले कुऱ्हाडे. आमच्या एका पतसंस्थेत या आडनावाचे बरेच सभासद होते. ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारांनी लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडून; दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण एका कळफलकावर नोंदवलेले कुऱ्हाडे दुसऱ्या कळफलकावर शोधले की सापडत नसत. म्हणजे इथे उलटंच झालं होतं. डोळ्याला सारखं आणि यंत्राला वेगळं. आणि जोडचिन्ह गाळणारा एखादा कारकून असला की कुऱ्हाडेंच्या डोक्यावर रफार चढायचा. माणसाने माणसाची केलेली ती थट्टा वाटायची. प्रत्यक्षात कोणाच्याही मनात काही नसायचं.

काकांनी यावर एक टेस्ट लिहायला लावली. दोन्ही प्रकारांनी नाव टाइप करायचं, दोन्ही प्रकारांनी शोधायचं, चारही वेळा तोच सभासद आला पाहिजे, आणि छापील पासबुकाचं चित्र आधीच्या मान्य चित्राशी ताडून बघायचं. ती टेस्ट प्रत्येक बिल्डमध्ये चाले. नंतर शोधाचा कोड कितीदा बदलला, पण कुऱ्हाडे पुन्हा हरवले नाहीत. मी केलेल्या कामातलं एकच काम निवडायचं झालं तर मी हे निवडेन, आणि त्याची कल्पना माझी नव्हती.

आजोबांचं दुसरं देणं घड्याळाचं आहे.

उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात, तो माळव्याचा सुभेदार असताना, जयसिंगपुऱ्यात बांधली. पुढे ती पडीक झाली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३मध्ये तिची दुरुस्ती करून ती पुन्हा कामाला लावली. त्यासाठी शिफारस करणाऱ्यांत पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे हे होते. आपटे तिचे पहिले अधीक्षक. ‘सर्वानंदकरण’ हा करणग्रंथ लिहिणारे ते हेच. १९४२पासून वेधशाळा दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग छापते. आमच्या घरात ते कायम असायचं.

आजोबा मला तिथे न्यायचे ते सम्राट यंत्र, म्हणजे सावलीचं घड्याळ, बघायला. त्याच्या जिन्याची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, आणि सावली बाजूच्या चापावर वेळ दाखवते. सावलीची वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी कधीच जुळायची नाही. “आजोबा, हे चुकतंय,” असं मी म्हटलं की ते म्हणायचे, “सावली चुकत नाही. तुझं घड्याळही चुकत नाही. मधली दुरुस्ती कर.” भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून उज्जैनची स्वतःची वेळ सुमारे २७ मिनिटं मागे. शिवाय सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही, त्याची दुरुस्ती वेगळी. फेब्रुवारीच्या मध्यात सावली घड्याळाच्या जवळजवळ ४१ मिनिटं मागे असते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम ११. तिथे तक्ता लावलेला असतो. आजोबा तो माझ्याकडून वाचून घेत आणि मी बेरीज करत असे. तेव्हा मला त्यात आइस्क्रीमच्या वाटेवरचा अडथळा एवढंच दिसायचं.

पुण्यात काही वर्षं गेल्यावर आमचा बिल्ड भाड्याच्या परदेशी सर्व्हरवर गेला. त्यानंतर व्याजाच्या पडद्याची टेस्ट रात्रीच्या बिल्डमध्ये लाल आणि दिवसाच्या बिल्डमध्ये हिरवी, असा खेळ सुरू झाला. सगळ्यांनी कोड बघितला. कोणी म्हणालं सर्व्हर मंद आहे, कोणी म्हणालं टेस्टच भरवशाची नाही, काढून टाका. मी लाल झालेल्या वेळा एका कागदावर लिहिल्या आणि त्या सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांच्यामध्ये होत्या. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. आपल्याकडे तारीख बदलल्यावर साडेपाच तास तिथे आदलीच तारीख चालू असते. पडदा आजची तारीख दाखवत होता, सर्व्हर कालचं व्याज लावत होता. दोन्ही घड्याळं बरोबर होती.

हे माझ्या लक्षात आलं यात माझी हुशारी काही नाही. हा प्रश्न मला दहा वर्षांची असताना कोणीतरी सोडवायला लावला होता, एवढंच. त्यानंतर आम्ही टेस्टला तिचं स्वतःचं घड्याळ दिलं, म्हणजे ठरवलेली तारीख, ठरवलेली वेळ, ठरवलेला वेळविभाग. वर्षअखेर, लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी, मध्यरात्रीच्या एक मिनिट आधी, असं काहीही मग हवं तेव्हा आणता येऊ लागलं. त्या निमित्ताने वेधशाळेचं पंचांग मी घरून मागवून घेतलं, नुसतंच टेबलावर ठेवायला. काका ते चाळत बसले आणि आपटे कोण, हे त्यांनीच मला विचारलं. मला तोवर नाव माहीत नव्हतं. गावातल्या माणसाचं नाव मी पुण्यात बसून शोधून काढलं.

पुढे पडदे ब्राउझरमध्ये गेले आणि सेलेनियम वापरायची वेळ आली. सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर हे तशाच कामाचं साधन त्यात मिसळून २०११मध्ये सेलेनियमची दुसरी मुख्य आवृत्ती निघाली होती. २०१८मध्ये वेबड्रायव्हरचीच पद्धत वेबच्या जागतिक मानकांत दाखल झाली. या काळात मला सर्वांत जास्त शिकवलं ते भरवशाच्या नसलेल्या टेस्टनी. कोड तोच, टेस्ट तीच, एकदा हिरवी आणि एकदा लाल. कारण बहुतेक वेळा एकच असे. पडद्यावर गोष्ट यायला वेळ लागतो आणि टेस्ट थांबत नाही. मी सगळीकडे ‘पाच सेकंद थांब’ असं लिहून ठेवलं होतं. जिथे अर्धा सेकंद पुरे तिथेही पाच, आणि जिथे सहा लागतात तिथेही पाच. काकांनी ते सगळे थांबे काढायला लावले. किती वेळ थांबायचं हे सांगू नकोस, कशासाठी थांबायचं ते सांग: पावती क्रमांक दिसेपर्यंत, बटण दाबण्याजोगं होईपर्यंत. हे आता प्राथमिक पुस्तकांत असतं. मला ते एका माणसाने शेजारी बसून, माझ्या फायली उघडून शिकवलं.

गूगलने २०१६मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्याकडे टेस्टच्या दर शंभर धावांत सरासरी दीड धाव अशी बेभरवशाची निघते आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टना कमीअधिक ही खोड आहे. हे वाचून मला मोठा धीर आला होता. काका म्हणाले, धीर येऊ दे, पण सूट घेऊ नकोस. लाल झाली की पुन्हा चालवून बघायची, हिरवी झाली की विसरून जायचं, ही सवय त्यांना अजिबात खपत नसे. लाल बिल्ड बघून ज्या टीममध्ये कोणी खुर्चीवरून उठत नाही, तिथे त्या टेस्ट चालवणारी वीजही वाया, असं त्यांचं मत. माझंही तेच झालं आहे, आणि याबाबतीत मी त्यांच्यापेक्षा जरा जास्तच कडक आहे असं बरोबरची मुलं म्हणतात.

पडद्यावरच्या टेस्ट थोड्याच ठेवाव्यात, हेही त्यांचंच. माइक कोन यांनी २००९च्या आपल्या पुस्तकात टेस्टचा पिरॅमिड मांडला: तळाला हिशेब तपासणाऱ्या भरपूर लहान टेस्ट, शेंड्याला पडद्याच्या मोजक्या. मी उत्साहाच्या भरात तो उलटा उभा केला होता. बिल्ड तासन्‌तास चाले आणि प्रोग्रामर त्याची वाट न बघता घरी जात. मग आम्ही दोन टप्पे केले. पहिला दहाएक मिनिटांत उत्तर देणारा, दुसरा पडद्याचा, मागून सावकाश येणारा. स्वतः लिहिलेल्या टेस्ट पुसताना जीव वर येतो. काका शेजारी बसून म्हणायचे, “ही कोणासाठी आहे? ही पडली तर कोणाचं अडेल?” उत्तर आलं नाही की पुसायची.

टेस्टना लागणाऱ्या विदाच्या बाबतीत मी प्रमोद सदलगे यांची ऋणी आहे. एका टेस्टने बंद केलेलं खातं दुसरी टेस्ट उघडायला जाई आणि दोघी पडत. स्कॉट अँब्लर यांच्याबरोबर सदलगे यांनी लिहिलेलं डेटाबेसच्या टप्प्याटप्प्याने पुनर्रचनेवरचं पुस्तक २००६चं. डेटाबेसमधला बदलही कोडासारखाच जपून, क्रमाने, प्रत्येक बिल्डबरोबर करत जायचा, हे त्यातून उमगलं. मग प्रत्येक टेस्ट आपली पतसंस्था, आपले सभासद, आपली खाती स्वतः उभी करू लागली. आधी आडनाव बघूनच पुस्तक हातात घेतलं होतं, हेही सांगून टाकते; आडनाव बेळगावकडचं वाटलं आणि आपलं माणूस म्हणून धिटाई आली. ऋणाची सुरुवात कुठूनही होऊ शकते.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी उज्जैनला आले ती इथेच राहिले. आजोबा आता नाहीत. नोकरी घरून चालते. बिल्ड कुठल्या देशातल्या सर्व्हरवर बांधला जातो ते मला बघावंच लागतं, कारण घड्याळाचं प्रकरण. एक्सव्हीएफबीची गरजही बरीच कमी झाली; २०१७पासून क्रोम स्वतःच पडद्याविना चालतो. इंजिनिअरिंग आणि बीएस्सीच्या काही मुली शनिवारी माझ्याकडे येतात. बहुतेक हिंदी माध्यमाच्या, इंदूरला नोकरी मिळेल का या काळजीतल्या. त्यांना पहिल्याच दिवशी मी स्क्रीनशॉट काढायला लावते आणि महाकालेश्वर, शिप्रा, ज्ञानेश्वर असे जोडाक्षरांचे शब्द पडद्यावर कसे दिसतात ते बघायला सांगते. साधनं झरझर बदलताहेत. मुली विचारतात, टेस्ट आता संगणकच लिहून देतो, मग आम्ही काय शिकायचं? लिहून देऊ दे. त्याने दिलेल्या टेस्टपैकी कोणती ठेवायची आणि कोणती पुसायची हे विचारायला काका कुठून आणणार, हा प्रश्न मला पडतो.

या मुलींसाठी मी एक टिपण केलं आहे. बिल्ड-सर्व्हरवर देवनागरी पडदा तपासण्याआधी काय काय जुळवून ठेवावं याचं. फॉन्ट, मराठीची खूण, ‘ऱ्ह’ची दोन्ही रूपं, वेळविभाग, पडद्याचा आकार, प्रत्येक टेस्टचा स्वतंत्र विदा. शेवटच्या पानावर नावं दिली आहेत, कावागुची, हगिन्स, स्टुअर्ट, विगिन्स, सदलगे, लोहितची मंडळी. काकांचंही घातलं होतं.

काका निवृत्त होऊन सांगलीकडे आपल्या गावी असतात. त्यांना टिपण पाठवलं. आठवड्याने परत आलं, छापून काढून लाल पेनाने तपासलेलं आणि मोबाइलवर पानापानाचा फोटो काढून पाठवलेलं. स्वतःचं नाव त्यांनी खोडलं होतं. पडद्याच्या आकाराबरोबर रंगांची खोली लिहायची राहिली आहे, चित्रं ताडताना ती वेगळी असली तर सगळं लाल होईल, असं समासात होतं. फॉन्टची आवृत्ती गोठवून ठेवा, नाहीतर सर्व्हर अद्ययावत झाला की अक्षरं केसभर सरकतील, असं दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावरच्या दोन खुणा मला नीट लागल्या नाहीत. अक्षर पहिल्यासारखं राहिलेलं नाही. रविवारी फोन करून विचारायचं आहे.